अलका मेस्त्रीची बिनतोंडाची माणसं

"बाहेर जा आणि परत ये."

अलका मेस्त्री माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे. अंधेरीला मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा स्टुडिओ होता. मुलांची मासिकं, आरोग्याची माहितीपत्रकं, शाळांच्या छोट्या पुस्तिका, अशा सगळ्यांसाठी तिथे चित्रकथा तयार व्हायच्या. मी लेखक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. दार ढकलून आत पाऊल टाकतो तर खिडकीपाशी उभी असलेली एक काटकुळी बाई हातातला ब्रश माझ्यावर रोखून म्हणाली, "बाहेर जा आणि परत ये. आत्ता आलास तसाच."

मला वाटलं चपला बाहेर काढायच्या असतील. काढल्या, परत आत आलो. तिने वैतागून मान झटकली.

"गेलं! आता तू नट झालास. मघाशी कसला झकास आला होतास यार. एक खांदा आत, एक दाराबाहेर. पिशवी पोटाशी धरलेली. हाकललं तर लगेच पळता येईल असा."

एवढं बोलून ती कागदावर वाकली सुद्धा. साहेबाकडे रजा मागायला आलेला एक कारकून तिला काढायचा होता. काही वेळाने मी बिचकत जवळ जाऊन बघितलं तर चौकटीत मी होतो. तोंड नव्हतं, तोंडाच्या जागी नुसता अंड्यासारखा गोल. पण तो मीच होतो. वयाच्या पस्तिशीत जुनी नोकरी सोडून इथे येताना जी भीती वाटत होती, ती सकाळी मी बायकोपासून सुद्धा लपवली होती. ती तिथे कागदावर काळ्या शाईत दिसत होती.

मला राग आला. आणि त्या दिवसापासून मी तिच्या टेबलाच्या आसपास घुटमळायला लागलो.

तिला सगळे 'मेस्त्री' म्हणायचे. मालक भावेशभाईंपासून चहा आणणाऱ्या मावशींपर्यंत सगळे. कुणी 'मॅडम' म्हटलं तर ती म्हणे, "मी काय बँकेत आहे?" मी तिच्याच वयाचा असल्यामुळे आमचं पहिल्या आठवड्यातच अरेतुरे झालं. ती कधी बसायची नाही. तिच्या टेबलाच्या पायांखाली विटा लावून ते उंच केलेलं होतं आणि खुर्चीवर जुन्या मासिकांचा गठ्ठा असायचा. उभ्याने काम करायची, तेही एका जागी नाही. दोन रेघा मारल्या की खिडकीशी, खिडकीतून दाराशी, दारातून परत टेबलाशी. एक चप्पल पायात, एक टेबलाखाली. तिचा चहा निरनिराळ्या ठिकाणी थंड होत पडलेला असायचा; तिला तो ज्या कपाशी आठवेल त्या कपातून ती प्यायची, मग तो कुणाचाही असो. तिच्या शेजारी काम करणं म्हणजे सतत वारा येणाऱ्या दारात बसण्यासारखं होतं. कागद उडतात, पण बरंही वाटतं.

तिची रीत अशी होती की पानावरची सगळी माणसं आधी तोंडाशिवाय काढायची. नाक नाही, डोळे नाहीत, भुवया नाहीत. नुसती शरीरं. ती माणसं काय म्हणताहेत हे तेवढ्यावरून कळलं तरच पुढे तोंडं काढायची. नाही कळलं तर पान फाडायचं.

"तोंडाला सवय असते रे," ती म्हणायची. "लहानपणापासून शिकवलेलं असतं त्याला. पाहुणे आले, हस. साहेब आला, हस. पाठीला कुणी शिकवत नाही. गुडघ्यांना कुणी शिकवत नाही. तू माणसाच्या मागे उभा राहून बघ ना कधी."

आणि ती खरंच माणसांच्या मागे उभी राहून बघायची. ती राहायची घाटकोपरजवळ, असल्फ्याच्या टेकडीवर. मेट्रोने यायची, पण मुद्दाम एक स्टेशन आधी उतरून साकीनाक्यापासून चालत यायची. बँकेच्या रांगा, दवाखान्याच्या पायऱ्या, बसस्टॉप, सगळीकडे थांबत थांबत. त्यामुळे तिला रोज उशीर व्हायचा आणि रोज भावेशभाई घड्याळाकडे बोट दाखवायचे. एकदा एका दवाखान्याबाहेर एका बाईने तिचा दंडच धरला. "क्या देख रही है कबसे?" मेस्त्रीने तिला खरं ते सांगून टाकलं : "आप किसीपे गुस्सा हो, और वो अंदर है. आपका पैर बता रहा है." ती बाई आधी भडकली, मग रडायला लागली. आत तिची सून होती, आणि ते सगळं ऐकून घेताना मेस्त्रीची अर्धी सकाळ गेली. ऑफिसात येऊन ती म्हणाली, "वाट लागली. बघायला गेले पाय आणि ऐकावं लागलं अख्खं घर."

रेघेच्या बाबतीत तर ती हट्टीच होती. तिच्याकडे टाक होते, जाड-बारीक ब्रश होते, आणि कोणता माणूस कशाने काढायचा हे ठरलेलं असायचं. घाबरलेल्या माणसाची रेघ ती मध्येमध्ये तोडायची. मनगट सैल सोडून, कागदाला टाक लागतोय न लागतोय अशी. चिडलेल्याची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटाला चाबकासारखी बारीक. दमलेल्या बाईच्या खांद्यापासून हातापर्यंत ती एकच रेघ काढायची आणि ती खाली येता येता जड होत जायची, जणू शाईलाच वजन आहे. काढताना ती स्वतः तसं उभं राहून बघायची. रागावलेला माणूस काढायचा असला की तिची मान ताठ आणि जबडा आवळलेला. अशा वेळी फोन आला तर समोरच्याचं काही खरं नसे.

मग स्टुडिओत सगळ्यांना चित्रं काढायचे टॅब आले. त्यात एक सोय होती : हात हलला तरी रेघ आपोआप गुळगुळीत होऊन उमटायची. बाकीचे चित्रकार खूश झाले. मेस्त्रीने एक माणूस काढून बघितला आणि टॅब माझ्यापुढे धरला.

"हा बघ. ह्याच्या घराला आग लागलीय. आणि रेघ कशी? तुपासारखी! अरे, ह्याला इस्त्री करून कुणी आणला आगीत?"

ती सोय तिने बंद केली. ती चालू कशी करतात हे पुढे शिकलीच नाही.

मेस्त्री दर थोड्या दिवसांनी राजीनामा द्यायची. आम्ही तो मनावर घेत नसू. पण एकदा मात्र ती खरीच दुखावली गेली. मुलांच्या एका पुस्तिकेत एक गोष्ट होती. मीच लिहिली होती. आई गेल्यानंतर बाप आणि मुलगी दोघंच घरात राहतात. एका चौकटीत बाप रडतो असं मी लिहिलं होतं. मेस्त्रीने बाप पाठमोरा काढला. मोरीपाशी उकिडवा बसून तो डबा घासतोय. डबा स्वच्छ झालेला आहे, चकाकतोय, तरी घासतोय. दारात मुलगी उभी आहे आणि तिने एक पाय दुसऱ्या पायावर ठेवलाय. बस. मी ते चित्र बघून माझं खालचं वाक्य खोडून टाकलं. लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुस्तिका छापून घेणाऱ्या संस्थेचे साहेब आले. त्यांनी चित्र बघितलं आणि विचारलं, "हे रडतायत कुठे?"

"हे काय, रडतायत," मेस्त्री म्हणाली.

"मॅडम, मुलांना कळलं पाहिजे ना. अश्रू दाखवा. तोंड इकडे फिरवा, दोन थेंब दाखवा."

"तोंड इकडे फिरवलं तर तो रडणार नाही. मुलगी दारात आहे त्याची."

साहेबांनी भावेशभाईंकडे बघितलं. भावेशभाई वाईट माणूस नव्हते, पण त्यांना स्टुडिओ चालवायचा होता. त्यांनी दुसऱ्या चित्रकाराकडून बापाचं तोंड फिरवून घेतलं आणि गालांवर मोठे मोठे थेंब टाकून घेतले. पुस्तिका तशीच छापली गेली. छापून आली त्या दिवशी मेस्त्रीने ते पान उघडून बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं आता आरडाओरडा होणार. ती एवढंच म्हणाली, "मुलीला बाहेर पाठवायला पाहिजे होतं मग." आणि निघून गेली. काही दिवस आलीच नाही. मी फोन केला तर मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. ती पवईच्या तळ्याभोवती चालत होती. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "घरी बसवत नाही रे. ऑफिसात उभं राहवत नाही. मग चालते."

घरी का बसवत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी तिचे आईवडील होते. वडील मूळचे कणकवलीकडचे. तरुणपणी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमनपासून लिफ्टमनपर्यंत मिळेल ते करत आले. मेस्त्री सांगायची, बाबा म्हणजे वाडीतला नाटक्या माणूस. नकला करायचे, आईची सुद्धा तिच्यासमोर नक्कल करायचे, आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. त्यांना कंपवात झाला. हात थरथरणार, चाल बारीक होणार, हे घरच्यांना कळलं होतं. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, माणसाचा चेहरा कोरा होत जातो, हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा दवाखान्याच्या गर्दीत ते कानावरून गेलं होतं. बाबांचा आवाजही खोल गेला होता. आणि आईला एका कानाने नीट ऐकू येत नव्हतं.

एकदा बाबा मोरीत पडले. फार लागलं नाही, पण मेस्त्रीने घरून काम करायचं ठरवलं. मी चित्रकथेच्या मजकुराची पानं घेऊन असल्फ्याला गेलो. टेकडीवर पायऱ्या चढून, रंगवलेल्या भिंतींमधून वाट काढत तिच्या चाळीत पोचलो. गल्लीत उघडणारं दार, शेजारी गजांची खिडकी, आत एकच मोठी खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. बाबा खुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. इतका तो चेहरा बंद होता. डोळेही फारसे मिटत नव्हते. उजवा हात मांडीवर थरथरत होता.

आई आतून पाणी घेऊन आली. आल्या आल्या तिने मला, म्हणजे पहिल्यांदाच घरी आलेल्या माणसाला, ऐकवलं, "बघलास मा? मी इलंय काय ह्येंचो हात थरथरूक लागता. माझ्यार रागावलेत. वर्स झाला, तोंडार हसू नाय. काय केलंय मी, ता तरी सांगूचा."

"आई, आजार आहे तो," मेस्त्री म्हणाली.

"आजार हाताक. तोंडाक काय झाला?"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक बॅग भरून ठेवलेली होती. गावाला भावाकडे जायचं तिने ठरवलं होतं, आणि परत यायचं नव्हतं. "ज्या मानसाक माझा तोंड बघूक नको, त्येच्या म्होरं कित्याक बसू?" असं म्हणून ती आत गेली. बाबा जसे होते तसेच बसलेले. मी मेस्त्रीकडे बघितलं. ती खिडकीचे गज धरून उभी होती आणि पहिल्यांदाच मी तिला काहीही न करता उभं राहिलेलं बघत होतो.

जाताना ती मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली. "मला पण तेच वाटतं रे," ती म्हणाली. "ते रागावलेत असंच वाटतं. माझ्यावर, आईवर, सगळ्यावर. मी बोलायला जाते, त्यांचं तोंड बघते, आणि परत फिरते."

नंतरच्या आठवड्यात तिचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही. "आत्ताच्या आत्ता ये. पानं-बिनं काही आणू नको."

मी गेलो तेव्हा आई भाजी आणायला खाली उतरली होती. बाबा खुर्चीतच झोपले होते. मेस्त्रीने जमिनीवर कागद मांडले होते, भिंतीपासून भिंतीपर्यंत. सगळ्यांवर बाबा. घरात बसवत नव्हतं म्हणून आठवडाभर ती त्यांनाच काढत बसली होती, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. अर्थात तोंडाशिवाय.

"यातल्या कुठल्या चित्रात आई घरात आहे आणि कुठल्यात नाही, सांग," ती म्हणाली.

"मला कसं कळणार? यात तुझी आई काढलेलीच नाही."

"बघ तर खरं!"

मी बघितलं. आधी सगळी सारखीच वाटली. एक म्हातारा, एक खुर्ची. मग हळूहळू दिसायला लागलं. काही चित्रांत पाठ खुर्चीला टेकलेली होती, गुडघे सैल पडलेले, अंगाची रेघ खुर्चीच्या रेघेत मिसळून गेलेली. काहींत मात्र पाठ आणि खुर्ची यांच्यात एक फट होती. पांढऱ्या कागदाची बारीकशी फट. दोन्ही गुडघे स्वयंपाकाच्या जागेकडे वळलेले. मान पुढे आलेली. आणि एका चित्रात गुडघे गल्लीकडच्या दाराकडे होते, पावलं चपलेतून अर्धी बाहेर आली होती, उठून जायच्या बेतात असल्यासारखी.

"ह्या, ह्या आणि ह्यात आई आत स्वयंपाक करतेय," मी म्हटलं. "ह्यात ती बाहेर गेलीय. आणि ह्यात ती येतेय, त्यांना पाऊल ऐकू आलंय."

मेस्त्रीने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी वेडी नाही." ती खोलीभर फिरायला लागली, कागदांवर पाय पडू न देता. "आणि थरथरणं? ती आली की थरथर वाढते, बरोबर. मी दवाखान्यात जाऊन विचारून आले. कुठलीही भावना दाटली की वाढते. आनंदाने पण वाढते! आणि चेहरा त्यांच्या हातात राहिलेला नाही. ते हसतायत रे आतून, चेहरा हलत नाही. सगळ्या जगाला सांगते तोंड बघू नका, आणि घरात वर्षभर मी काय बघत बसले? तोंड!"

तेवढ्यात आई भाजीची पिशवी घेऊन दारात आली. जमिनीवरचे कागद बघून ती उंबऱ्यातच थांबली. मेस्त्रीने तिला हाताला धरून आत आणलं आणि एकेक कागद दाखवत सगळं सांगितलं. मोठ्याने, चांगल्या कानाशी तोंड नेऊन. आईने नीट ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "ह्या सगळा तुझ्या हातचा. ह्येंच्या मनातला ता कशावरसून?"

मेस्त्रीने हातातला कागद खाली ठेवला. आई म्हणते ते खरंच होतं. चित्र तिचं होतं. साहेबांना अश्रू हवे होते म्हणून त्यांनी ते काढवून घेतले. तिला प्रेम हवं होतं म्हणून तिने काढलं नसेल कशावरून?

आई भाजी घेऊन आत गेली. भांड्यांचे आवाज आले. बाबा जागे झाले होते. मग ती बाहेर आली, आमच्याकडे न बघता चपला घालून गल्लीत निघून गेली. मेस्त्री मागे जाणार होती, मी तिचा हात धरला. कारण खिडकीच्या गजांआड, अगदी कडेला, मला पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसत होता.

आई बाहेरून बघत होती.

बाबा खुर्चीत टेकून बसले होते. गल्लीत कुणाचं तरी पोर ओरडत गेलं, ते हलले नाहीत. शेजारची बाई बादली घेऊन गेली, हलले नाहीत. मग आई चार पावलं मागे गेली असावी आणि चपला फरफटवत परत दाराकडे आली. ती फरफट आम्हाला आत ऐकू आली. बाबांची पाठ खुर्चीपासून सुटली. गुडघे आधी एक आणि मग दुसरा, कष्टाने, दाराकडे वळले. हात जोरात थरथरायला लागला. चेहरा तसाच होता, दगडासारखा.

फरफट थांबली. परत लांब गेली. परत आली. परत तेच झालं.

आई दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र भांडणाचा होता.

"अवो, तोंडान सांगूक काय झाला तुमका?"

बाबांचे ओठ हलले. आवाज इतका खोल होता की मला शब्द कळले नाहीत. मेस्त्री वाकून ऐकायला गेली तर आईने तिला हाताने बाजूला केलं, स्वतःचा चांगला कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. ते काय बोलले हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नाही. बॅगेतल्या साड्या मात्र दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोरीवर वाळत होत्या, असं मेस्त्री म्हणाली. बंद बॅगेत त्यांना वास लागला होता.

त्यानंतर मेस्त्री ऑफिसात आली ती जरा वेगळीच. अस्वस्थपणा तोच, पण आता त्याला कामाची दिशा होती. त्या चित्रांची तिने सलग पानं केली. घरात कंपवाताचं माणूस असलेल्यांसाठी. त्यात चेहरे नव्हते, मजकूर जवळजवळ नव्हता. भावेशभाईंनी ती पानं एका-दोघांना दाखवली. सगळ्यांनी वाहवा केली आणि सगळ्यांनी विचारलं, चेहरे कधी काढणार? ती पानं कपाटात गेली.

आणि मग गेल्या वर्षी स्टुडिओत चित्रं काढणारं सॉफ्टवेअर आलं. आपण दोन ओळी लिहायच्या, ते चित्र काढून देतं. भावेशभाईंनी मेस्त्रीची जुनी पानं त्यात घातली आणि एक दिवस आनंदाने तिला बोलावलं. "मेस्त्री, बघा. तुमची स्टाईल! आता तुम्ही फक्त तपासायचं."

स्क्रीनवर एक आई आणि मुलगा होते. आम्ही सगळे मेस्त्रीच्या आवाजाची वाट बघत होतो. ती जवळ गेली. चष्मा लावून तिने रेघा बघितल्या.

"रेघ माझीच आहे," ती हळू म्हणाली. "खांद्यापाशी जाड होते ती पण माझीच. पण ही बाई कुठून आलीय भावेशभाई? आत्ता गॅस बंद करून आली का? हिला कुठे जायचंय का? ही नुसती फोटो काढायला उभी आहे."

"अहो, पण बघणाऱ्याला काय..."

"हो, बघणाऱ्याला चालेल," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टाक धुतले, पुसले, रुमालात गुंडाळले. खुर्चीवरचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. कपाटातली तिची बिनतोंडाची पानं काढून घेतली, आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "चल रे, निघते. चहा माझा कुठे पडलेला दिसला तर ओतून टाक." हा राजीनामा तिने लिहून दिला नव्हता, पण या वेळी आम्हाला सगळ्यांना कळलं.

त्या पानांच्या तिने झेरॉक्स काढल्या आणि बाबांना दाखवायला न्यायची त्या दवाखान्यात वाटायला सुरुवात केली. बाकावर बसलेल्या बायकांच्या शेजारी जाऊन ती पान पुढे करायची. काही जणी न बघता घडी घालून पिशवीत टाकायच्या. एक मुलगा मात्र पान घेऊन आईच्या व्हीलचेअरसमोर जमिनीवर बसला आणि तिच्या हातांकडे बघत राहिला. हे तिने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मागे नेहमीसारखे हॉर्न वाजत होते.

बाबा या वर्षी गेले. आजार वाढत गेला होता. शेवटी गुडघेही वळेनासे झाले. तरी आईला कळायचं, मेस्त्री म्हणते. कशावरून, ते मात्र मेस्त्रीलाही दिसेना. आई म्हणायची, श्वासावरून.

मी भेटायला गेलो तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. त्यानंतर त्यांची चाळ पुनर्विकासात गेली, माय-लेकी मुलुंडला भाड्याच्या घरात राहायला गेल्या, आणि आमचं बोलणं होतं ते फोनवरच. त्या दिवशी दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. मेस्त्री टेबलाशी होती, आजूबाजूला कागद फेकलेले. मला वाटलं काही काम आलंय. तर आईने सांगितलं होतं, भिंतीवर लावायला बाबांचं चित्र काढ. फोटो नको. चित्र. आणि चेहऱ्याचं.

"जमत नाही रे," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, बोटं काळी झाली होती. "आयुष्यभर तोंड शेवटी काढत आले. आता तेवढंच काढायचंय तर हात चालत नाही. हे बघ."

एका कागदावर बाबा मोठ्याने हसत होते, एका भुवईने कुणाची तरी नक्कल करत होते. तरुण होते. नाटक्या माणूस. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, पण चित्र इतकं जिवंत होतं की मलाही हसू आलं.

"हे सुंदर आहे," मी म्हटलं. "हेच लाव."

तिने तो कागद आईसमोर धरला. आई खाटेवर बसली होती. तिने कागद हातात घेतला, लांब धरून बघितला, थोडी हसली, आणि परत दिला.

"बरो आसा. पन ह्यो नको."

"का? हसरे नकोत? असेच होते ना ते?"

"हसत ते सगळ्यांक," आई म्हणाली. "शेवटाक होते तसे काढ. गप्प."

"अगं, तो चेहरा... त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं आई. लोक येतील, म्हणतील हे असे रागावलेले का?"

"लोकांक कशाक कळूक व्हया? माका कळता मा."

मेस्त्रीने हसरा चेहरा बाजूला ठेवला, कोरा कागद टेबलावर सरळ केला आणि बारीक टाक शाईत बुडवला. आई खाटेवरून उठली, स्टूल ओढत टेबलापाशी आणलं आणि लेकीच्या कोपराला लागून बसली. कपाळाची रेघ उमटली. मग गालाची. कुठेही न वळणारी, न थरथरणारी. आई पुढे झुकून म्हणाली, "हं. आता डोळे. घाई करू नको."

मी चपला घातल्या. येतो म्हणालो, पण दोघींपैकी कुणालाच ते ऐकू गेलं नाही.